कुलूपबंद घरापुढची अँब्युलन्स

"तुमच्या त्या डबड्यानं आज माझ्या बाबांचा जीव घेतला असता!"

डॉक्टरबाईंनी फोन कानापासून लांब धरला. दुसऱ्या हातात दाढ काढायचा चिमटा होता, आणि समोरच्या खुर्चीत हौशी रेडिओ क्लबचे सेक्रेटरी तोंड वासून पडले होते.

"नीट सांग गं. काय झालं?"

फोनवर काकांची मुलगी होती. काका म्हणजे क्लबातले सगळ्यात जुने सभासद. सकाळी ते रेडिओवर परगावच्या एका माणसाशी बोलत होते. बोलता बोलता कण्हले आणि आवाज बंद. पलीकडच्यानं हुशारी केली. क्लबच्या नोडवर काकांची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखचिन्ह, टाकली, पत्ता काढला, अँब्युलन्स धाडली. ती गेली काकांच्या जुन्या घरी. दाराला हे भलंमोठं कुलूप! शेजारणीनं नवा पत्ता सांगितला म्हणून काका वाचले.

"उद्याच्या मीटिंगला येतेय मी. तो नोड कायमचा बंद करा, नाहीतर पोलिसांत जाईन."

फोन आपटला गेला.

नोड म्हणजे दवाखान्याच्या मागच्या खोलीत घरघरणारा एक संगणक. रेडिओवाले त्याला जोडून घेतात, कोण कुठे ऐकू येतंय ते एकमेकांना कळवतात, आणि कॉलसाइन टाकली की माणसाचं नाव-पत्ता मिळतो. तो उभा केला काकांनीच. काका-काकू दोघंही रेडिओवर बोलणारे. काकू आजारी पडल्या आणि नोड डॉक्टरबाईंच्या गळ्यात आला. नाव-पत्ते सांभाळायचे म्हणजे निव्वळ हमाली. एकेकाच्या मागे लागून विचारायचं, तो "कळवतो" म्हणणार आणि गायब होणार. एवढं करून वर हे ऐकून घ्यायचं!

"काकांचा पत्ता मी स्वतः बदलला होता," त्या चिडून म्हणाल्या. "काकू गेल्या, काका मुलीकडे राहायला गेले, तेव्हाच. मग जुना आला कुठून? तुमचा उद्योग का हा?"

"अं अं!" सेक्रेटरींनी जोरात मान हलवली.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या तोंडातला कापूस काढला. "बोला. नोड बंद करा म्हणून वर्षभर कोण कोकलतंय?"

"मीच. पण मला पासवर्ड कुठे माहीत आहे? उलट माझंच गाऱ्हाणं ऐका. बोलणं झाल्याची पावती म्हणून लोक मला कार्डं पाठवतात, ती सगळी हल्ली माझ्या जुन्या भाड्याच्या खोलीवर जातायत. तो घरमालक फोन करून शिव्या घालतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही भेटता तेव्हा तुमच्या हातात चिमटा असतो."

डॉक्टरबाई हातमोज्यांसकट मागच्या खोलीत गेल्या. सेक्रेटरींची कॉलसाइन टाकली. जुनी खोली. घर बदललेल्या आणखी एकाची टाकली. त्याचाही जुनाच पत्ता. यंदा नव्यानं आलेल्या नर्सची टाकली. ती मात्र जिथल्या तिथे, पत्ता अगदी बरोबर.

"हे काय त्रांगडं आहे?" त्या पुटपुटल्या. संगणक बिघडला म्हणावं, तर नवी माणसं शाबूत कशी? मुद्दाम खोडसाळपणा म्हणावा, तर खोटा पत्ता एकही नाही.

मग त्यांनी आणखी एक कॉलसाइन टाकली. ही नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. ती पडद्यावर आली, नाव-पत्त्यासकट.

"हात्तिच्या!" त्या स्टुलावर बसल्या. नोड घेतला तेव्हापासून पासवर्ड बदलायचा राहिलाय, हेही आत्ता आठवलं. स्वतःचाच असा राग आला की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्या इस्पितळात पोचल्या. काका उशीला टेकून बसले होते. मुलगी फणकारली, "आता काय राहिलंय?"

"नोडचं काय करायचं ते मीटिंगमध्ये ठरवा. आधी ऐक. चुकला तो एकट्या काकांचा पत्ता नाही. घर बदललेल्या सगळ्यांचे जुने पत्ते परत आलेत. नव्या सभासदांना धक्काही नाही. म्हणजे कुणीतरी जुनी यादी नव्या यादीवर ओतली. ज्यांची नावं दोन्हीकडे होती, त्यांच्यावर जुनं चढलं. जे जुन्या यादीत नव्हतेच, ते वाचले."

"त्या सेक्रेटरीनं?"

"त्यांचाच पत्ता बिघडलाय, आणि पासवर्डही त्यांच्याकडे नाही. शिवाय नोड मोडायचा असता तर सगळं पुसूनच टाकलं असतं. या माणसाला काही पुसायचं नव्हतं, परत आणायचं होतं. जुन्या यादीत आहे आणि नव्या यादीत नाही, असं एकच नाव आहे. तुझ्या आईचं. आणि पासवर्ड माहीत असलेली माणसं दोनच. एक मी."

मुलगी हळूच वळली. "बाबा?"

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तिची कॉलसाइन टाकली की ते म्हणायचं, अशी कुणी नाही. रोज टाकायचो, रोज तेच. जन्मभर माझ्याशी भांडली, रेडिओवर माझ्या चुका काढल्या, आणि म्हणे अशी कुणी नाही! डोकं फिरलं माझं. जुनी यादी होती माझ्याकडे. वाटलं, तिची तेवढी नोंद परत आत जाईल."

"तेवढी जात नाही, काका! एकीला आत घ्यायला दार उघडलंत आणि अख्खं वऱ्हाड घुसलं. तुम्हीच शिकवलंत ना मला हे?"

"शिकवलं तेव्हा डोकं ठिकाणावर होतं."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? म्हातारा रडतोय म्हणून?"

डॉक्टरबाईंना संताप आला होता, रडूही येत होतं. त्यांनी चष्मा पुसला. "पासवर्ड बदललाय. सकाळभर पेशंट ताटकळत ठेवून सगळे पत्ते पुन्हा घातलेत. काकूंची नोंद काढायची तेवढी राहिलीय. गेलेल्यांची ठेवत नाहीत. नियम काकांनीच केलेला."

"काढू नका ती," मुलगी म्हणाली.

"अगं, पण नियम..."

"मीटिंगला येतेच आहे ना मी? भांडेन तिथे." तिनं डोळे पुसले. "पत्ता तेवढा बदला. त्या बंद घरात ती एकटी कशाला? आमच्याकडचा टाका."

डॉक्टरबाईंनी पर्समधून फोन काढला. "मजला कितवा गं?"

"तिसरा," काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "लिफ्ट बंद असते, तेही लिही. तिचे गुडघे दुखतात."