मनकर्णाबाईची नाडी

काष्टीच्या शाळेत मी कवायतीचा मास्तर होतो. बाकीचे शिक्षक मला जरा हसण्यावारीच नेत, कारण माझ्या हातात खडूऐवजी शिट्टी असे. पण त्र्याहत्तर साली माझा भाव एकदम वधारला. मिशनच्या दवाखान्यातले एक परदेशी डॉक्टर मायदेशी जाताना मला पुठ्ठ्याची एक गोल चकती देऊन गेले. वरचा बाण आपल्या वयावर आणायचा, की खालच्या खिडकीत आकडा दिसे. त्या वयाच्या माणसानं जिवाच्या आकांतानं धाव घेतली, तर त्याचं काळीज मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देईल, त्याचा तो अंदाज. हिशेब साधाच होता, दोनशेवीसमधून वय वजा करायचं. तरी आख्खी शाळा चकती फिरवायला आली. हेडमास्तरांनी स्वतःचं वय लावून पाहिलं आणि मग दिवसभर ते कुणावर ओरडले नाहीत.

माझ्याकडे पळणाऱ्या मुलींत चांगुणा सगळ्यांत सरस होती. सोळा वर्षांची, काटकुळी, पायात कधी काही नाही. मैदानाला फेऱ्या मारून आली की मी तिच्या मनगटावर बोटं ठेवायचो. चकतीप्रमाणे तिचे ठोके दोनशेच्या वर जायला हरकत नव्हती. लागायचे ते बहात्तर. कपाळावरून घाम निथळत असायचा, पण दम म्हणून नाही. आधी मला वाटलं, माझं घड्याळ बिघडलंय. दुसऱ्याचं मागून आणलं, तरी बहात्तरच.

तिची आई मनकर्णाबाई रोज सकाळी लिंबाखाली बसून लेकीचं पळणं बघायची. दुष्काळाचं वर्ष. ती खडी फोडायच्या कामावर जायची, आणि जाण्याआधी तिथं घटकाभर टेकायची. एकदा चांगुणा शेवटच्या फेरीत होती आणि माझं सहज तिकडे लक्ष गेलं. मनकर्णाबाई छाती धरून वाकली होती आणि भात्यासारखी धापा टाकत होती. मी पळत गेलो आणि तिची नाडी धरली. ठोके मोजता मोजवेनात इतके भरभर पडत होते.

चांगुणा थांबली. माझ्या बोटांखाली ते ठोके हळूहळू उतरत गेले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी मी मनकर्णाबाईला लिंबाखाली बसवलं, तिचं मनगट धरलं आणि शिट्टी वाजवली. चांगुणा सुटली, तशी नाडी चढली. मी पुन्हा शिट्टी दिली, पोरगी थांबली, नाडी उतरली. मग मनकर्णाबाईला मैदानाकडे पाठ करून बसवलं. तेच.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"ती चालाया लागली तवापास्नं," ती पदर सारखा करत म्हणाली. "मास्तर, पोरीला सांगू नगा. पळायची न्हाई मग ती."

तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला चहा कमी करायला सांगितलं.

जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. आठशे मीटरमध्ये पहिली येणारी मुलगी पुण्याला जाणार होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. नाहीतर चांगुणाच्या आत्यानं आपल्या मुलासाठी मागणं घातलेलंच होतं, आणि बापानं नारळही आणून ठेवला होता. मी मनकर्णाबाईचं वय चकतीवर लावून तिला दाखवलं. पंचेचाळीस वर्षं, एकशे पंचाहत्तर ठोके.

"ह्याच्या वर गेलं तर जिवाशी खेळ आहे, बाई. मी तिचं नाव काढून घेतो."

"काढून बघा," ती म्हणाली. असं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग लगेच आवाज मऊ झाला. "माझं काय हाय मास्तर, मी लई पळाले हाय तिच्यासंगं. बसल्या जागी कुनाला एवढं मिळतं?"

मी नाव काढलं नाही.

नगरच्या मैदानावर फक्कीनं रेषा आखल्या होत्या. मनकर्णाबाईला मी दोरीपाशी सावलीत बसवलं. घरीच थांब म्हणून विनवलं होतं, पण ती म्हणाली, लांब राहिलं तरी व्हतंच, मग डोळ्यानं तरी बघू द्या. मी तिचं मनगट धरलं आणि बंदुकीचा बार झाला.

पहिल्या फेरीत एकशे साठ. चांगुणा तिसरी होती.

दुसऱ्या फेरीत एकशे नव्वद. मनकर्णाबाईचे ओठ काळे पडले होते. मी शिट्टी तोंडाकडे नेली. शिट्टी ऐकली की चांगुणा जागच्या जागी थांबते, हे मला माहीत होतं, आणि तिच्या आईलाही.

मनकर्णाबाईनं माझा हात घट्ट दाबून खाली धरला.

चांगुणा शेवटच्या वळणावर आली. पहिल्या मुलीच्या बरोबरीनं. मग पुढे.

तिनं फीत तोडली आणि माझ्या बोटांखालची नाडी थांबली.

मी जागा बदलून पाहिली. दुसरं मनगट धरलं. मानेशी बोटं दाबली. कुठंच काही नव्हतं.

"आली न्हवं पयली?" मनकर्णाबाईनं विचारलं. ती हसत होती. रंग परत आला होता.

चांगुणा धडपडत आली आणि आईच्या मांडीवर कोसळली. धापा टाकत होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा दम लागला होता. आई पदरानं तिचं तोंड पुसत राहिली. "हळू गं बाय, हळू."

चांगुणानं आईच्या छातीवर डोकं ठेवलं. बराच वेळ ती तशीच राहिली. श्वास निवाला, तरी तिनं कान काढला नाही. उलट जास्त दाबला. मग तिनं डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली.

"आयं," ती अगदी हळू म्हणाली, "मी न्हाई जात पुन्याला."

"का गं?"

"तू घरी चल. आज भाकरी तूच कर. उद्या बी तूच कर."

"मग, आनखी कोन करनार?" मनकर्णाबाई म्हणाली, आणि उन्हाच्या वेळीही गार पडलेला हात लेकीच्या केसांतून फिरवत राहिली.