ब्लू आणि बत्तीस इंची बॅट

कडं अडकलं.

सामन्याआधी अंपायर मॅरेन रुझिकाने बॅटच्या जाड भागावर तपासणीचं धातूचं कडं सरकवलं. ते वीतभर खाली उतरलं आणि तिथंच रुतून बसलं. तिने मनगट फिरवून पाहिलं, जरा हिसका दिला. छे. ॲल्युमिनियम एका बाजूने दबलं होतं. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण कड्याला कळलं होतं.

"ही बाद," ती म्हणाली आणि बॅट कुंपणाला टेकवून ठेवली.

"आमच्याकडे तेवढीच एक बरी आहे," मागून आवाज आला.

ती वळली. प्रेअरी बेंड शाळेचा नवा बेसबॉल कोच, इलायस ट्रुहियो. न्यू मेक्सिकोहून आलेला, शाळेत वेल्डिंग शिकवणारा. नेब्रास्कातला मार्चचा वारा कान कापत होता आणि हा माणूस एक पातळ जाकीट घालून उभा होता. कानांचे शेंडे लालभडक झालेले. पापण्या लांब... इतक्या लांब, की अंपायरने त्या बघायला नको होत्या.

"बरी होती," मॅरेन म्हणाली. "सरावाच्या मशिनमधले ते कडक रबरी चेंडू हिनेच मारू दिलेत ना पोरांना? तेही असल्या गारठ्यात?"

त्याने बॅटच्या जाड भागावर अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "आमच्या गावाकडे ऊन असतं. तिकडे कधी बॅट दबली नाही."

"इथं नसतं."

"कळलं, ब्लू."

त्या मुलखात अंपायरला कुणी नावाने हाक मारत नाही. निळा शर्ट अंगात चढला की माणूस ब्लू. शिवी द्यायची तरी ब्लू आणि आभार मानायचे तरी ब्लूच. मॅरेनला ते सोयीचं वाटायचं. तो निळा शर्ट ती गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीला टॉवेल लटकवून चढवायची, कारण आसपासच्या एकाही मैदानावर बाई अंपायरला कपडे बदलायला जागा नव्हती. पुरुषांसाठी होती. हीटर लावलेली, कडी असलेली. आपण कुणाला काय देत नाही आहोत, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. आणि ज्यांच्या येई, ते दुसरीकडे बघत.

त्या वसंतात तिला फक्त एकच गोष्ट हवी होती. अंपायर नेमणाऱ्या ऑर्व्हिलने तिला सांगितलं होतं, "पोरी, जिल्ह्याच्या फायनलला होम प्लेटमागे तुला उभी करतो. कॉलेजच्या सामन्यांसाठी अंपायर निवडणारा माणूस तुला बघायला येणार आहे." शाळेच्या मैदानांवर सहा हंगाम टोमणे खाल्ल्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिला फक्त बघायला येणार होतं.

सामना सुरू होण्याआधी दोन्ही कोचना प्लेटपाशी, फलंदाज उभा राहतो तिथल्या पांढऱ्या फळीपाशी, बोलावून एक प्रश्न विचारायचा असतो. तिने विचारला. "कोच, तुमचं सगळं सामान नियमात आहे?"

"आता आहे," इलायस कुंपणाला टेकलेल्या बॅटकडे बघत म्हणाला.

उरलेल्या जुनाट बॅटींनी त्याची टीम सपाटून हरली. जाताना मात्र तो तिच्याकडे बघून टोपीला हात लावून गेला. हरलेले कोच सहसा तसं करत नाहीत.

*

पुढच्या शनिवारी ती केअर्नीला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. प्लेटवरची माती झाडायचा तिचा ब्रश झिजला होता. नव्याचे पैसे देऊन ती वळली. बॅटींच्या भिंतीसमोर इलायस उभा होता. घरून काय आणायला सांगितलंय तेच विसरून गेल्यासारखा.

"ब्लू," तो म्हणाला. मग तिच्या हिरव्या स्वेटरकडे बघून जरा अडखळला. "म्हणजे... आज नाही."

"सुट्टी आहे. कडंही घरी आहे."

"वाचलो. मला आजवर कुठल्याच बाईने पहिल्या भेटीत कडं काढून दाखवलं नव्हतं."

तिला हसू आलं. तिने ते ओठांतच दाबलं, पण डोळ्यांनी घात केला.

"मला सांगा ना," तो म्हणाला, "यातली कुठली घेऊ?"

"ते मी सांगायचं नसतं. मी फक्त बाद करते."

"मग बाद करत चला. उरेल ती घेतो."

त्याने पहिली पुढे केली. लाल, पिसासारखी हलकी. मॅरेनने ती फिरवून मुठीवरचे आकडे त्याच्यासमोर धरले. "किती इंच? आणि किती औंस? वजाबाकी करा."

"पाच उरतात."

"तीनच्या वर उरले की शाळेत नाही, कॉलेजात नाही. ही लहान पोरांची. आणि मान्यतेचा शिक्का नसेल, तर दुसऱ्या कुठल्या बॅटला हातसुद्धा लावू नका."

दुसरी काळी, देखणी, कार्बनच्या धाग्यांची. "ही नियमात आहे," ती म्हणाली. "पण आधी खूप चेंडू मारून मुरवायला लागते. आणि आमची थंडी तिला सोसत नाही, चीर जाते."

"मलाही सोसत नाही. पण मी अजून शाबूत आहे."

"तुमचे कान बघा मग आरशात."

तिसरी त्याने जरा लाडाने उचलली. चौतीस इंची, सगळं वजन टोकाशी. "आमच्या टीममधला ऑगस्ट ताडमाड आहे. त्याच्या हातात ही दिली तर चेंडू मक्याच्या शेतात जाऊन पडेल."

"ऑगस्ट एक झाला. बाकीचे आठ?"

तो बॅट तळहातावर तोलत राहिला. फलंदाजी त्याला तिच्यापेक्षा जास्त कळत होती, आणि खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "बाकीचे आठ उशिरा फिरवतील," तो शेवटी म्हणाला. "ऑगस्टसुद्धा. त्याला फक्त ऐट हवीये." त्याने ती परत टांगली. मग साधीशी, चंदेरी, बत्तीस इंची काढली आणि तिच्यावर नखाने टिचकी मारली. लांब, स्वच्छ नाद निघाला. वेल्डरचा कान तो, तो नाद पार विरेपर्यंत ऐकत राहिला. "मुठीपासून टोकापर्यंत एकच ॲल्युमिनियम. सांधा नाही कुठं. पहिल्या दिवसापासून मारा. पण चेंडू भलतीकडे लागला तर हात झिणझिणतील पोरांचे."

"झिणझिणू देत. चुकलं की कळायला नको?"

तो हसला. "तुम्ही अशाच बोलता का सगळ्यांशी?"

"नाही. बाकीच्यांशी कडक बोलते." हे ओठांवर कुठून आलं, तिला कळलं नाही. ती घाईने पुढे म्हणाली, "हात सरळ करून आडवी धरा. टोक थरथरलं तर जड आहे असं समजायचं."

त्याने धरली. बॅटकडे नाही, तिच्याकडे बघत. दुकानात कुठलंसं जुनं गाणं बारीक आवाजात चाललं होतं. बाहेर गाडी सुरू झाली, गेली. चंदेरी टोक हळूच थरथरायला लागलं...

"जड आहे," ती म्हणाली.

"बॅट जड नाहीये," तो म्हणाला.

मॅरेन तडक दाराबाहेर पडली. घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, पैसे देऊन घेतलेला ब्रश दुकानातच राहिला.

*

चंदेरी बॅटने प्रेअरी बेंडला सूर सापडला. एप्रिलअखेर ते जिंकत फायनलच्या दारापर्यंत आले होते. उपांत्य सामन्याला प्लेटमागे मॅरेन होती. मध्येच ढग गडगडले आणि नियमाप्रमाणे खेळ थांबला. तिचा जोडीदार अंपायर आपल्या गाडीत जाऊन घोरायला लागला. ती खाण्याच्या टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिली. पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता, मातीवर पिवळट डबकी साचत होती.

इलायस कॉफीच्या कागदी पेल्यांचा ट्रे सांभाळत, भिजत आला.

"एक तुमच्या जोडीदाराला, एक समोरच्या कोचला, एक तुम्हाला," तो म्हणाला. "सगळ्यांना सारखी. नियमात बसतं का बघा."

"आणि तुम्हाला?"

"मला परवडली नाही."

त्याने जाकिटाच्या खिशातून आणखी काहीतरी काढून तिच्या पेल्याशेजारी ठेवलं. तिचा ब्रश. मूठ त्याच्या खिशात राहून गरम झाली होती.

"इतके दिवस तुमच्याकडे होता?"

"द्यायचाच होता," तो पावसाकडे बघत म्हणाला. "पण मग बोलायला कारण उरलं नसतं."

तिने पेला ओठांना लावला. कॉफी पानचट होती. तिने ती सगळी संपवली.

पाऊस ओसरल्यावर शेवटच्या डावात बरोबरी होती. ऑगस्टने चंदेरी बॅटने चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून काढला आणि त्याचा सवंगडी तिसऱ्या ठाण्यावरून होम प्लेटकडे, म्हणजे 'घरी', धावत सुटला. चिखल उडाला, चेंडू आला, पाय आला... पाय आधी आला. केसभर आधी. मॅरेनने दोन्ही हात पसरले. पोचला. नाबाद.

बाकांवरून समोरच्या टीममधल्या एका पोराचा बाप बोंबलला, "कॉफी कामाला आली का गं बये? जा, घरी जाऊन स्वैपाक कर."

असल्या बापांना तिने कधीच किंमत दिली नव्हती. यांच्या घरात बाईने काहीही ठरवलेलं यांना चालत नाही, म्हणून मैदानावरही चालत नाही, इतकं ते साधं असतं. तिने ब्रश काढला, प्लेट झाडली. निर्णय बरोबर होता. तो तिने झोपेतही तसाच दिला असता.

पण हात पसरताना तिला आनंद झाला होता. आणि तो चिखलासारखा झटकून जाईना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑर्व्हिलला फोन लावला.

"प्रेअरी बेंडच्या सामन्यांना मला नेमू नका."

"कुणी अंगावर आलं का?"

"नाही."

"तो कोच वाकडं बोलला?"

"सरळ बोलतो. तीच तर पंचाईत आहे."

पलीकडे म्हातारा खोकला.  "पोरी, फायनलला तेच आहेत. कॉलेजचा माणूस तुझ्यासाठी येतोय. तू बोलली नसतीस तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना."

"पुढच्या वर्षी तो येईलच असं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती स्वैपाकघरात नुसतीच उभी राहिली, बाहेरच्या धान्याच्या कोठारांकडे बघत. सहा हंगाम. खिडकीचा टॉवेल. सगळं तिनेच एका वाक्यात उधळून लावलं होतं, आणि रागवायला दुसरं कुणी नव्हतं.

फायनलला ती हिरवा स्वेटर घालून बाकांवर बसली. सूर्यफुलाच्या बिया चघळत. प्लेटमागे दुसराच कुणी होता आणि कुंपणापलीकडे काळा चष्मा लावलेला एक माणूस त्या दुसऱ्याचे हात, पाय, आवाज टिपत होता.  तिने मूठभर बिया एकदम तोंडात टाकल्या.

शेवटच्या डावात ऑगस्टने बॅट फिरवली. तो स्वच्छ, लांब नाद मैदानभर पसरला. चेंडू वर गेला, आणखी वर... आणि कुंपणाशी पाठ टेकलेल्या पोराच्या हातमोज्यात पडला. प्रेअरी बेंड हरलं. मॅरेनच्या ध्यानात आलं, ती उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होती. असल्या लोकांना ती आयुष्यभर मूर्ख समजत आली होती.

बाकं रिकामी झाली. इलायस बॅट खांद्यावर टाकून पायऱ्या चढत आला आणि दोन पायऱ्या खालीच थांबला.

"ऑर्व्हिल म्हणाला, आमच्या सामन्यांना नको असं तुम्हीच सांगितलंत." त्याचा आवाज साधा होता, पण त्याने बॅट घट्ट धरली होती. "मी कॉफी आणली म्हणून? मला सांगायचं होतंत. मी माफी मागितली असती."

"कॉफी वाईटच होती. पण त्यामुळे नाही."

"मग?"

हे बोलणं तिने घरी पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तुमचा पोरगा त्या दिवशी घरी पोचला, तो खरंच पोचला होता," ती म्हणाली. "निर्णयात खोट नव्हती. पण हात पसरले तेव्हा... मला आनंद झाला. तुम्ही जिंकलात म्हणून. अंपायरला आनंद होऊन चालत नाही, इलायस. एकदा झाला की पुढचा निर्णय मी देतेय की तो आनंद देतोय, हे मला सांगता आलं नसतं."

 खाली कुणीतरी मैदानावर पाणी मारत होतं. ओल्या मातीचा वास बाकांपर्यंत चढत आला.

"आणि ऑर्व्हिल म्हणाला तो कॉलेजवाला?" त्याने हळूच विचारलं.

"आला होता. दुसऱ्याला बघून गेला."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे. फुकटचं श्रेय घेऊ नकोस."

त्याने मान वर केली. त्या लांब पापण्यांखाली काहीतरी हललं. मग तो उरलेल्या दोन पायऱ्या चढून तिच्याशेजारी बसला. मध्ये हातभर अंतर, आणि त्या अंतरात बॅट.

"म्हणजे तू आता माझ्या सामन्याला कधीच उभी राहणार नाहीस?"

"कधीच नाही."

"आणि मी तुला ब्लू म्हणायचं नाही."

"म्हणून तर बघ."

"चौतीस इंची घेतली असती," तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "तर तो चेंडू पार गेला असता."

"चौतीस इंची असती तर ऑगस्टची बॅट चेंडूला लागलीच नसती."

"हरलेल्या माणसाशी जरा गोड बोलावं."

"मी गोडच बोलतेय."

तो मोठ्याने हसला, हरलेल्या कोचला न शोभेसा. मॅरेनने मधली बॅट उचलली. दांड्याला अजून पोरांच्या घामाची ओल होती. तिने हात सरळ केला आणि बॅट आडवी धरली, रिकाम्या मैदानावर. तो तिच्याकडे बघत राहिला. वारा पडला होता. चंदेरी टोकावर संध्याकाळचं ऊन आलं... आणि ते टोक थरथरायला लागलं.

"जड आहे का, मॅरेन?" त्याने विचारलं. तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं, सांभाळून.

"बॅट नाही," ती म्हणाली, आणि हात खाली न घेता त्याच्याकडे वळली.