सदऱ्यावर उमटलेला हात

तुमच्या हातात शाईचा पेन आहे असं समजा. पेन नवा आहे, शाई भरलेली आहे, पण काही केल्या उमटत नाही. आता तुम्ही काय कराल? निबेवर फुंकर घालणारी मुलं मी पाहिली आहेत, निब जिभेला लावून ओठ निळे करून घेणारीही पाहिली आहेत. पण बहुतेक जण एकच करतात – पेन झटकतात. झटकताना समोर कोण बसलंय ते मात्र कोणी बघत नाही. तुम्ही बघा. समोर एक माणूस पाठमोरा बसला आहे, आणि त्याच्या अंगात पांढराशुभ्र, नवाकोरा सदरा आहे...

वसमतच्या एका विहारात, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी, करुणाच्या हातून नेमकं हेच झालं.

करुणा चोवीस वर्षांची. दर रविवारी ती विहारात लहान मुलांचा वर्ग घ्यायची. त्या वर्षी पौर्णिमा रविवारीच आली होती, आणि वंदनेनंतर सुंदर अक्षराची स्पर्धा होती. तिची भाची यशोधरा, म्हणजे आठ वर्षांची यशू, आपला अडलेला पेन घेऊन आली. "आत्या, हा चालून नाही राहिला." करुणानं पेन घेतला, एक झटका दिला, आणि समोरच्या पाठीवर निळ्या थेंबांची तिरकी ओळ उमटली.

तिनं घाईघाईनं पेन यशूच्या हातात कोंबला. तेवढ्यात तो माणूस वळला. पण त्याला काहीच कळलं नव्हतं. सावळा चेहरा, डोळ्यांत झोप राहिलेली, आणि हसू मात्र ताजं.

"मॅडम, पंखा तिकडं वळवू का? लेकरांना लई गरम होऊन राहिलं."

आत्ता सांग, आत्ताच... तिचं मन म्हणालं. तोंड म्हणालं, "व्हय... म्हणजे... राहू द्या."

त्यानं तरीही पंखा मुलांकडे वळवला आणि स्वतः घामात बसला.

वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना मुलांच्या पुढे करुणाचा आवाज असायचा. त्या दिवशी चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, तो आवाज घशातच राहिला. मुलं एकटीच म्हणून गेली. समोर ते निळे थेंब सुकत होते, आणि शेजारून यशू तिच्याकडे टक लावून बघत होती.

डाग पहिल्यांदा दिसला तो पद्माबाईंना. विहाराची झाडलोट, दिवाबत्ती आणि सगळ्यांच्या कानउघाडणीचं काम त्यांच्याकडे होतं.

"सुरज, पाठीवर काय रे हे?"

त्यानं हात मागं वळवून कमरेच्या वर तळहात दाबून पाहिला, बोटं डोळ्यांसमोर धरली. "शाई दिसती, मावशी. निळा रंग आपलाच हाय, पण असा पाठीवर मिरवायचा नव्हता."

लोक हसले. पद्माबाई हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी बहिणीचं लगीन, त्याच्यासाठी शिवलेला सदरा हा. मायीनं पौर्णिमा म्हणून घालाया लावला, अन् कुण्या लेकरानं..." त्यांची नजर फिरत फिरत यशूच्या हातातल्या पेनावर थांबली. "यशे, काहून गं? पेन असा माणसावर झटकतेत व्हय?"

सगळ्यांनी यशूकडे पाहिलं. यशूनं आत्याकडे पाहिलं.

करुणाचं तोंड उघडलं. "मी... मी धुऊन देते सदरा," ती म्हणाली. "शाईचे डाग काढता येतात मला."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी तिचे कान असे तापले, की तिला वाटलं आता सगळ्यांना दिसणार.

"असू द्या, लेकरू हाय ते," सुरज म्हणाला आणि यशूच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला. यशूनं मान काढून घेतली.

दुपारी तो सदरा पिशवीत घालून घरी देऊन गेला. करुणानं पिशवी घेतली ती थेट मोरीत गेली. शाईचा डाग दिसला की आधी काय करायचं नसतं, हे ती वर्गातल्या मुलांना नेहमी सांगायची – चोळायचं नाही, गरम पाणी नाही, आणि पहिल्याच झटक्याला साबण तर मुळीच नाही. शिकवलेलं सगळं त्या दिवशी ती विसरली. तिला तो डाग फक्त लवकर, फार लवकर नाहीसा करायचा होता. तिनं साबणाची वडी घेतली आणि खसाखसा घासायला लागली.

शाई फिकी झाली नाही, नुसती पसरली. आणि तिच्याखाली, पांढऱ्या कापडावर, काहीतरी लाल उमटायला लागलं. आधी एक बोट. मग दुसरं. मग चार बोटं आणि अख्खा तळवा. कमरेच्या वर एक लालबुंद हात.

करुणा मागं सरकली. मग तिच्या ध्यानात आलं. सुरज हळदीच्या गोदामात कामाला होता. वसमतला हळदीच्या दिवसांत रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी असते. सकाळी पोती उतरवून, हात धुऊन तो विहारात आला असणार, पण हळद काय एका धुण्यानं जाते? घामेजला तळहात त्यानं पाठीवर दाबला, तेव्हा ती सदऱ्यावर बसली. आणि साबण लागला की हळद लाल होते, हे वसमतच्या पोरीला कोणी सांगायला लागत नाही.

ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. रडू आलं ते सदऱ्यासाठी नव्हतं.

दारात यशू उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"आत्या," तिनं विचारलं, "चौथं शील मोठ्या माणसांना नसतं का?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

करुणानं डोळे पुसले, साबण बाजूला ठेवला आणि मग सगळं नीट केलं, जसं ती मुलांना शिकवायची तसं. आधी गार पाण्याची बारीक धार डागाच्या उलट्या बाजूनं सोडली, म्हणजे शाई आल्या वाटेनं परत जाते. मग परातीत गार दूध ओतून डागाचा भाग त्यात बुडवला. दूध निळसर झालं की ते टाकायचं, नवं घ्यायचं. मध्येमध्ये खाली जुनं फडकं धरून वरून कापसानं नुसतं टिपायचं. बॉलपेनची शाई असती तर दूध कामाचं नव्हतं, तिला हात धुवायचं सॅनिटायझर लागतं. ही साधी शाई होती, हळूहळू सुटत गेली. राहिलेल्या निळ्या झाकेवर तिनं लिंबू आणि मीठ लावलं. लिंबाचा रस त्या लाल हातावर ओघळला, आणि हात बघता बघता पिवळा झाला.

आता पिवळ्याला एकच औषध – ऊन. सदरा अंगणातल्या दोरीवर चढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी सुरज हजर.

"पेशंट कसा हाय, मॅडम?"

"शाईचा ताप उतरलाय. हळद हाय अजून. रोज ओला करून उन्हात ठेवायचा."

"म्हणजे रोज बघाया यावं लागंल."

"पेशंटला भेटायची वेळ ठरलेली असते," करुणा म्हणाली.

"कोणती?"

"...ऊन उतरल्यावरची."

तो सदऱ्याजवळ गेला. पिवळा हात मावळतीच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. "हा कुणाचा हात?"

"लावून बघा."

त्यानं आपला तळहात त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. "माझाच हाय की."

"मग? परक्याचा हात मी काहून उन्हात वाळवत बसू?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. ती दोरीवरचे चिमटे उगाच काढून पुन्हा लावू लागली. हात सदऱ्यावरून काढायला सुरजला जरा वेळच लागला.

मग तो रोज आला. कधी गोदामातल्या मुकादमाच्या नकला करायचा, कधी बहिणीच्या लग्नातल्या जेवणाची काळजी बोलून दाखवायचा. करुणा हसायची. आज सांगू, असं रोज ठरवायची, आणि त्याचं ते मोकळं हसू बघितलं की उद्यावर टाकायची. हे हसू मग राहील का?

गुरुवारी त्यानं यशूसाठी चॉकलेट आणलं. "घे गं. तू डाग पाडला नसता तर तुझ्या आत्याची ओळख कशी झाली असती?"

"मला नको," यशू म्हणाली आणि आत गेली.

"लाजून राहिली," सुरज म्हणाला.

करुणाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सबंध आठवड्यात यशू तिच्या ताटाशेजारी जेवायला बसली नव्हती. वेणी घालायला आली नव्हती. घरात तिनं कोणाला एका शब्दानं काही सांगितलंही नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

शनिवारी सदरा पूर्ण पांढरा झाला. निळा थेंब नाही, पिवळं बोट नाही. इस्त्री करताना करुणानं जिथं तो हात होता तिथं आपला हात ठेवून पाहिला, आणि तो गेला याचं तिला उगाच वाईट वाटलं.

संध्याकाळी सुरज आला. सदरा उलटसुलट करून बघितला. "कमाल हाय. आता पेशंट बरा झाला... तरी मी येऊ का?"

आठवडाभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो हाच होता. करुणानं मान खाली घातली.

"आधी ऐका. पेन यशूनं न्हाई झटकला. मी झटकला. तुमी पंख्याचं विचारलं तेव्हाच सांगायचं होतं. पद्माबाई यशूला बोलल्या तेव्हा तर... लेकरू माझ्याकडं बघत राहिलं, अन् मी गप्प बसले."

सुरजचं हसू विझलं. "अन् मी तिच्यापुढं चॉकलेट धरलं," तो हळूच म्हणाला.

"उद्या वर्गात सांगणार हाय. सगळ्यांसमोर. तुमाला आज सांगितलं, कारण... उद्यानंतर तुमी आलात, तर मी कशी हाय ते माहीत असून यावं."

तो काही वेळ सदऱ्याची घडी नीट करत राहिला. ती नीटच होती. मग "येतो" म्हणाला आणि गेला. त्या "येतो"चा अर्थ काय, हे तिला झोपेपर्यंत उमगलं नाही.

रविवारी विहारात मुलं ओळीनं बसली. यशू सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. पद्माबाई मेणबत्त्या लावत होत्या. करुणा उभी राहिली. तिनं यशूचा पेन आणला होता, तो हातात घट्ट धरला होता.

"मागच्या रविवारी या पेनानं सुरज यांच्या सदऱ्यावर शाई उडाली. बोलणी यशूला बसली. पेन मी झटकला होता. मला लाज वाटली म्हणून मी बोलले न्हाई, अन् माझी लाज मी यशूला घालायला दिली. यशू, माझं चुकलं."

या वेळी तिचा आवाज घशात राहिला नाही. दारात कोणाची तरी सावली पडली. करुणानं वर पाहिलं. सुरज उभा होता, दुपारच्या लग्नासाठी तयार होऊन, त्याच पांढऱ्या सदऱ्यात.

पुढच्या ओळीतल्या एका पोरानं विचारलं, "ताई, मग आता तुमाला शिक्षा काय?"

पद्माबाईंनी काडी विझवली. "ते मी न्हाई सांगणार. मी तर आंधळ्यावानी लेकराला बोलून बसले. तिलाच विचारा."

आणि पुन्हा, मागच्या रविवारसारखंच, सगळ्यांनी यशूकडे पाहिलं.

यशू उठली. मुलांच्या ओळीमधून वाट काढत पुढं आली. आत्याच्या हातातून तिनं पेन काढून घेतला, झाकण गच्च फिरवलं, उलटा धरून बघितला, पुन्हा एकदा फिरवलं. मग ती दाराकडे गेली. सुरज खाली वाकला. तिनं तो पेन त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात नीट अडकवला.

"हा तुमच्याकडंच ठेवा," ती म्हणाली. "आत्याला लागला तर ती मागायला येईल."

मग ती परत आली, आत्याचा हात ओढून तिला खाली बसवलं, आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली.