धडा

बाळासाठी काय काय घ्यायचं याची लांबलचक यादी नणंदेने पाठवली. मी पेन घेऊन बसले आणि निम्म्याहून जास्त खोडून टाकली. वाजणारे बूट, बाटली गरम करायचं यंत्र, जेमतेम महिनाभर अंगात बसतील असे झालरीचे कपडे. चार आठवड्यांत फेकायच्या वस्तूंना 'आवश्यक' म्हणताना लोकांना लाज कशी वाटत नाही? मी सुती लंगोट ठेवले, दुपटी ठेवली आणि पाळणा ठेवला. तोही असा, की तीन भावंडं वाढून वर उरला पाहिजे.

तसा मिळाला, जुन्या सामानाच्या दुकानात. गजांचा, जड लाकडाचा. मी त्यात गुडघा रोवून सगळा भार टाकला. साधा कुरकुरला नाही. नवरा म्हणाला, लग्नाआधी मलाही असंच पारखून घ्यायचंस. घेतलं होतं, म्हटलं, कमीच भरलास, पण सोडून दिलं.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. दुरुस्त काट्यावर काही दिवस ओझं ठेवून सुई सरकते का ते बघावं लागतं. जमिनीवरचा एक काटा घरी आणला होता. त्यावर रिकामा पाळणा गादीसकट ठेवला आणि धडा केला, म्हणजे पाळण्याचं वजन वजा करून सुई शून्यावर आणली.

आठवड्याने सुई दोनशे ग्रॅमवर.

मी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. काटा उघडला, स्प्रिंग बदलली, वजनं लावून तपासला. चोख. पाळणा परत ठेवून तोच धडा लावला. दोनशेच. पुढच्या आठवड्यात चारशे.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई माझ्या पोटावर यंत्र फिरवता फिरवता एकाच जागी थांबल्या. बाळ सतराशेवर अडलंय, म्हणाल्या. आठवड्याला दोनशे ग्रॅम वाढायला हवं. पंधरा दिवसांत काहीच नाही.

घरी येऊन मी पाळण्याचे सगळे स्क्रू काढले. गज, पाट्या, पाय, गादी, सगळं काट्यावर रचलं. सुई शून्यावर. पुन्हा जोडला.

चारशे.

सासूबाईंनी सुईकडे पाहिलं आणि पाळणा बाहेर काढा म्हणून धोशा लावला. नवऱ्याने मला न विचारता दुकानदाराला बोलावलं. तो दारात आला तेव्हा मी आठव्या महिन्याचं पोट घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले.

"पाळणा हलणार नाही," मी म्हटलं.

"वहिनी, दुसरा देतो. याच्याहून चांगला."

"यात माझ्या बाळाचं मांस आहे. ते तुमच्या दुकानात विकायला ठेवणार?"

त्याने नवऱ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. वाटू दे. शहाण्यासारखं वागून माझं मूल वाढणार होतं थोडंच!

रोज सकाळी मी पाळण्याशेजारी बसायचे. गादीच्या मधोमध खळगा पडायचा. मी हात घातला की तिथे ऊब लागायची.

"खा," मी म्हणायचे. "किती खायचं ते खा. धडा मी केलाय. यातलं ग्रॅमभरही तुझं नाही."

सुई अकराशेवर आली आणि मला कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. सतराशे ग्रॅम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या दिवसांचं बाळ अठ्ठावीसशेचं हवं होतं. सासूबाई तोंड फिरवून रडल्या. मी रडले नाही. अठ्ठावीसातून सतरा वजा करायला मला कागद लागत नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी टळटळीत दुपारी घरी आलो. नवरा म्हणाला, निदान आज तरी त्यात ठेवू नकोस. मी ठेवली. बरोबर त्या खळग्यात.

सुई अठ्ठावीसशेवर गेली.

मी श्वास रोखून दहा आकडे मोजले. मुलीला उचललं.

सुई शून्यावर आली.

माझ्या हातांना आधी कळलं. पाळणा बाजूला सारला, त्याचा धडा काढून सुई शून्यावर आणली आणि तिला तशीच काट्यावर निजवली. अठ्ठावीसशे.

नवरा खाली बसला आणि रडत रडत हसायला लागला. सासूबाईंनी मुलीच्या भरलेल्या मांडीला बोट लावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"बघा," मी म्हटलं. "वसूल केलं."

मग मी खुर्चीत बसून तिला डावीकडे पाजायला घेतलं. ती डोळे मिटून, शांतपणे ओढत होती.

थोड्या वेळाने उजवीकडेही ओढ लागली. हळू, सवयीची, त्याच लयीत.

मी उजवा हात उचलला आणि दुसरं डोकं जिथे असतं, तिथे खाली आधाराला धरला.