एका पंजाची जागा

वेड्यात काढा हवं तर, पण शपथेवर सांगतो... हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. गेल्या गुरुवारी, भर दुपारी.

मामा रंगारी. लढाई सुरू झाली तेव्हा त्यांनी शाळेच्या गच्चीवर भलंमोठं पांढरं वर्तुळ काढलं.

"वरून कळायला नको, की खाली पोरं आहेत?"

त्यांच्या वडिलांच्या काळी अशी खूण पाहून विमानं वळायची. लढणारे लढायचे, बाकीचे सुटायचे.

पोरं मागेच लागली. "काका, आम्हालाही हात लावू द्या ना! नाहीतर तुमच्या टकलावर उमटवू!"

मामा विरघळले. वर्तुळाच्या कडेने तीस चिमुकले पंजे उमटले. एकतिसावा मामांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या ताईचा. ती त्या पोरांची वर्गशिक्षिका.

आठवड्याने बॉम्ब पडला. नेमका वर्तुळावर.

आता खूण पाहून विमानं वळत नाहीत हो... खूण पाहूनच येतात.

ताई त्या दिवशी तापाने घरी होती. ती तेवढी वाचली.

तर गुरुवारी मामा पाण्याची टाकी बघायला घरच्या गच्चीवर निघाले. वरून आवाज आला...

चप्... चप्...

ओल्या रंगावर कुणी हात मारावा तसा.

दार उघडलं. कुणी नाही.

फरशीवर मात्र वर्तुळ. ओलं, पांढरं. कडेने चिमुकले पंजे... बरोबर तीस.

त्या पंजांच्या रांगेत एक जागा मोकळी. मोठ्या हाताची.

मामांनी त्यावर डबाभर डांबर ओतलं. शुक्रवारी सकाळी वर्तुळ पुन्हा वर आलं होतं.

"सामान बांध! आत्ताच्या आत्ता!" ते खाली येऊन ओरडले.

ताई जागची हलेना. "पोरं हाका मारतायत, बाबा. एकटी आहेत हो ती."

"गेली ती! मीच मारलं गं त्यांना, ह्या हातांनी. तुला नाही जाऊ देणार."

त्यांनी तिला अक्षरशः ओढत आमच्याकडे आणलं. आमच्या गच्चीला कुलूप घातलं. किल्ली रात्रंदिवस मामांच्या कमरेला.

आज सकाळी ताईने चहाचा कप घ्यायला हात पुढे केला...

तळवा पांढरा होता. ओला.

"मी तर झोपले होते," ती म्हणाली.

मामा तिचा हात रॉकेलने घासत बसलेत. मधूनच लहान पोरासारखे रडतायत.

किल्ली त्यांनी माझ्यापुढे टाकली आहे. वर जाऊन बघायची माझी छाती होत नाही.

घरात आम्ही सात माणसं आहोत. आणि मघापासून लांबून विमानाचा आवाज येतोय...