खुराड्यामागच्या दोन पट्ट्या

“ओढ ना! हातात जीव आहे की नाही?”

“ताडपत्रीच अडकलीय!” ऑगी किंचाळला. “आणि मी सकाळी सहा पॅनकेक खाल्लेत, कळलं?”

“म्हणूनच वाकता येत नाही तुला!” चुय हसला.

नेल, तिचा चुलतभाऊ ऑगी आणि शेजारचा चुय यांना सुट्टीत चाकांचा गाडा बनवायचा होता, त्यासाठी फळी हवी होती. वाळवंटातलं गाव ते! दहा वाजताच खुराड्याचा पत्रा चटके देत होता. तिघांनी हिसका मारला आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागची ताडपत्री निघाली. खाली फळी नव्हती. दोन पोलादी पट्ट्या होत्या, नव्याकोऱ्या, कडा दुमडलेल्या, बोल्टांची भोकं पाडलेल्या.

नेल पट्ट्यांजवळ वाकली. या पट्ट्या ती चांगली ओळखत होती. बाबांनी त्या वाकवल्या तेव्हा दुसरं टोक तिनेच धरलं होतं, तब्बल तीन आठवडे!

आजोबांनी तरुणपणी जुन्या मोटारीची स्वतःच्या हाताने हॉट रॉड, म्हणजे वेगाची गाडी, केली होती. तिची बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, अशाच दोन पट्ट्यांच्या आधाराने बसते. जुन्या पट्ट्या गंजून पार पापड झाल्या होत्या, म्हणून नव्या घडवल्या. बाबांनी गाडी पुरी केली, काळा रंगही दिला, त्याला आता आठवडा झाला होता.

“पट्ट्या इथे,” चुय हळूच म्हणाला, “मग गाडीत काय आहे?”

तिघे शेडकडे धावले. पूर्वी गाडीचं दार एका बोटाने लागायचं. आता नेलने तीनदा कंबरेने धक्का दिला तेव्हा कुठे ते लागलं. ऑगीने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून गाडीच्या खालच्या कडेला लावलं. टप्पकन पडलं! पुढे सरकवलं. पुन्हा पडलं!

“लोखंड नाही, पुट्टी आहे ही!” चुय म्हणाला. त्याच्या मामाचं गॅरेज होतं. “दाराच्या जागी आडवे दांडे वेल्ड केल्याशिवाय जुनी पट्टी कापायची नसते. मामा पहिल्या दिवशी हेच शिकवतो. नाहीतर बॉडी फाकते, आणि मग नवी पट्टी काही केल्या बसत नाही. तुझ्या बाबांनी जुनीच पुन्हा डकवून पुट्टी थापली असणार.”

“गप्प बस! माझा बाबा असलं करणार नाही!”

पण चुंबक तिच्या पायाशी पडलं होतं. शनिवारी आजोबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. जुन्या गाड्यांच्या ताफ्याबरोबर ते चाळीस मैलांवरच्या कोरड्या तळ्यावर जाणार होते आणि नेल शेजारी बसणार होती. डोळ्यांच्या डॉक्टरने आजोबांना बजावलं होतं की गाडी चालवायचा हा शेवटचा उन्हाळा. वाटेत बोल्ट उपटले तर?

त्याच दिवशी, मंगळवारी, जेवताना नेलने विचारलं, “बाबा, आजोबांच्या गाडीचं दार नीट का लागत नाही?”

“रंग नवा आहे. बसेल हळूहळू.”

“आणि पट्ट्या?”

“जेव मुकाट्याने,” बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले. “मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये.”

“आजोबांना सांगून टाक!” दुसऱ्या दिवशी ऑगी म्हणाला.

“बाबा म्हणेल, पोरांना काय कळतं! आजोबांना स्वतःच्या डोळ्यांनीच दिसलं पाहिजे.”

शनिवारी अंगणात अर्धं गाव जमलं. टाळ्यांच्या गजरात आजोबांनी गाडीवरचं कापड ओढलं आणि टाळ्या थांबल्या. सीटवर आडव्या, चकचकीत, दोन पट्ट्या!

आजोबांनी दुमडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. “डुएन, या इथे कशा?”

“त्या... जास्तीच्या आहेत,” बाबा म्हणाले.

“दोन्ही?”

आजोबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बॉडीखाली स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला! तळहाताएवढी पुट्टी खाली पडली, मागोमाग गंजाचा भुगा.

“चाळीस मैल, डुएन! शेजारी तुझी पोर!”

“वाढदिवस तोंडावर आला होता. वाटलं, हिवाळ्यात गुपचूप...”

“मी हीच बॉडी दोनदा फाकवलीय, गाढवा! मला नुसतं सांगायचंस!” मग त्यांचा आवाज उतरला. “पट्ट्या मात्र माझ्याहून सुंदर केल्यास.”

ते ऐकून बाबा शेडमध्ये निघून गेले.

ताफा आजोबांशिवायच धूळ उडवत गेला. बॉडी सरळ करायला नाताळ उजाडणार होता, आणि तोवर आजोबांची नजर राहणार नव्हती. “म्हाताऱ्याचा जीव वाचवलात रे!” म्हणत लोक मुलांच्या पाठी थोपटत होते. ऑगी केकचा तिसरा तुकडा खात चुंबकाची गोष्ट रंगवून सांगत होता. नेलने आपला तुकडा तसाच ठेवला.

“शाबास, पोरी!” आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “डोळा असावा तर असा.” मग ते उभ्या गाडीत जाऊन बसले, हात स्टिअरिंगवर ठेवून. दार त्यांनी ओढलंच नाही.

नेल शेडमध्ये गेली. बाबा दारात लावायचे आडवे दांडे मापून कापत होते.

“सगळ्या गावासमोर, नेल?” ते म्हणाले. “आधी मला का नाही विचारलंस?”

“विचारलं होतं, बाबा,” नेल म्हणाली. “मंगळवारी.”