खंदकातली हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटू द्या, नाहीतर सोडून द्या.

माझा स्वतःचा भुताखेतांवर कवडीचा विश्वास नव्हता. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत वाफा नाकात घेत आठ तास काढणाऱ्या माणसाचं आणखी काय वाकडं करणार भूत? पण ज्याच्याबरोबर हे घडलं तो नौशाद शेख माझ्याच प्लँटवरचा. थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. कँटीनमध्ये हे सांगताना झाले नव्हते.

गेल्या वर्षीचा मे महिना. गुरुवार, सुट्टीचा दिवस. आणि वेळ रात्रीची नव्हती बरं का... टळटळीत दुपारचा एक.

जागा म्हणजे शिरूर-दौंड रस्त्यावरून आत गेलं की लागणारं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही.

नौशाद मूळचा शिरूरचा, दौंडला भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याला एक विचित्र नाद होता. पुट्टी मळून, सुई आणि टाचणीनं कोरून, बोटभर उंचीचे सैनिक बनवायचा. आम्ही त्याला ‘खेळणीवाला’ म्हणून चिडवायचो. तो चिडायचा नाही. बायको निलोफर सातव्या महिन्यात होती. ‘पोर यायच्या आत ही पलटण पुरी करतो,’ म्हणायचा.

पलटण पहिल्या महायुद्धातली. घोडं अडलं ते पायांच्या पट्ट्यांवर. तेव्हाचे जवान घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळायचे. तिचे वेढे फोटोत नीट दिसत नव्हते. मग कुणीतरी त्याला या गावातलं म्युझियम सांगितलं.

म्युझियम म्हणजे जुन्या शाळेची एक लांबट खोली. गावातून त्या लढाईला गेलेल्या आणि परत न आलेल्या जवानांसाठी एका निवृत्त सुभेदारांनी उभी केलेली. आत काचेच्या भिंतीमागं खंदक. वाळूची पोती. आणि गणपती घडवणाऱ्या कारागिरानं केलेले सहा पुरुषभर उंचीचे जवान, ओळीनं उभे. सातव्याची जागा रिकामी. तो तडकला म्हणून काढला होता.

किल्ली तानुबाईकडं. झाडलोटही तीच करायची.

"तुमी बघा निवांत," ती म्हणाली. "म्या भाकर खाऊन येते. शेरडं शिरत्यात म्हून भाईरनं कडी लावते. आन् एक ध्यानात ठिवा. कुनी हाक मारली तर ओ देऊ नगा."

"कोण मारणार हाक, मावशी?"

"नगा देऊ म्हंजी नगा देऊ."

कडी लागली.

नौशाद हसला. काचेचं दार सरकवून खंदकात उतरला. वाकून पट्ट्यांचे वेढे मोजले, फोटो काढले. पण त्याची एक सवय होती. नुसत्या फोटोवर त्याचं भागायचं नाही. जवान जसा उभा आहे तसं स्वतः उभं राहून बघायचं. वजन कुठल्या पायावर येतं, खांदा कुठं झुकतो, हे अंगाला कळल्याशिवाय बोटांना कळत नाही म्हणायचा.

फोन समोरच्या पोत्यावर ठेवला. दहा सेकंदांचा टायमर लावला.

आणि सातव्या जागेवर जाऊन उभा राहिला.

पंखा थांबला.

लाईट गेली असेल, त्याला वाटलं. बाहेरच्या कोंबड्या, दूरचा ट्रॅक्टर... तेही थांबलं. लाईट गेल्यावर ट्रॅक्टर कशाला थांबेल?

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं...

"धोंडी."

"हजर."

आवाज ओळीच्या पहिल्या टोकाकडून आला होता.

"मारुती."

"हजर."

हा जरा जवळून. नौशादच्या मानेवर काटा आला. तानुबाईचे शब्द आठवले. त्यानं दात गच्च आवळले. ओ द्यायची नाही. काही झालं तरी ओ द्यायची नाही.

तिसरा. चौथा. पाचवा...

सहावा आवाज थेट त्याच्या कानाशी आला. त्या ‘हजर’चा वारा गालाला लागला. वारा ओला होता.

मग क्षणभर काहीच नाही.

"शेख."

"हजर!"

तोंडातून निघून गेलं. दोष तरी कुणाला द्यायचा? सहा वर्षं रोज सकाळी सात वाजता गेटवर सुपरवायझर मस्टर घेऊन ‘शेख’ म्हणतो आणि हा झोपेतसुद्धा ‘हजर’ म्हणतो. ओ त्यानं दिलीच नव्हती. हजेरी दिली होती.

फोननं फोटो काढला. खट्.

त्यानं पाय उचलला...

उचललाच गेला नाही. पाय जमिनीत रुतले नव्हते, कुणी धरलेही नव्हते. फक्त ते आता त्याचं ऐकत नव्हते. मग हात. मग मान. ओरडायला गेला तर जीभ टाळूला चिकटलेली.

समोरच्या काचेत ओळ दिसत होती. सात जवान. त्यातला आपण कुठला, हे त्याला मोजून काढावं लागलं.

घाम डोळ्यांत उतरत होता आणि पापणी मिटत नव्हती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कडी वाजली. वढूला समाधीचं दर्शन करून आलेलं एक कुटुंब आत शिरलं. नौशादचा जीव भांड्यात पडला. आता बघतील. आता ओढून काढतील.

"काय हुबेहूब केलंय ओ," बाई म्हणाली.

नवऱ्यानं फोटो काढला. कडेवरची लहानगी नौशादकडं टक लावून बघत होती. "मम्मी, ह्या काकाला बाहेर यायचंय."

"व्हय बाळा. चला, उशीर होतोय."

गेले ते. नौशाद आतल्या आत धाय मोकलून रडला. निलोफर एकटी आहे, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

मग तानुबाई आली. काचेसमोर थांबली. बोटानं मोजलं. परत मोजलं. हातातला झाडू गळून पडला.

"आरं लेकरा... ओ दिलीस व्हय रं?"

काच सरकवून ती जवळ आली आणि त्याच्या कानाशी लागली. "सुटका मागू नगं. सुटका कुनालाच देत न्हाईत. रजा माग. मनात माग, ऐकू जातं त्यास्नी."

त्यानं जीव एकवटून मागितली.

"कारण?" कोरडा आवाज आला.

बायको बाळंत होणार आहे, साहेब.

"कधीपर्यंत?"

आता सांगा, कंत्राटी कामगाराला चार दिवसांच्या वर रजा कोण देतं? जास्त मागितली तर मिळतच नाही, हेच त्याला ठाऊक. तरी धीर करून तो मनात म्हणाला... पोर चालायला लागेपर्यंत.

"मंजूर."

पाय सुटले. तो तोंडावर आपटला.

तानुबाईनं पाणी पाजलं. "किती घेतलीस?" त्यानं सांगितलं तशी तिनं कपाळावर हात मारला. "आरं येड्या, नातवंडाच्या लग्नापतुर मागायची व्हती की!"

"परत नाही आलो तर?"

"न्यायला येत्यात," ती म्हणाली.

जुलैत मुलगा झाला. नाव अनिस. बापानं त्याला कडेवरून खाली म्हणून ठेवलं नाही. पोर भिंतीला धरून उभं राहिलं की हा झडप घालून उचलायचा. निलोफर माझ्या बायकोला हसत सांगायची, "ह्यांचे लाड म्हणजे अतीच. पोराचे पाय जमिनीला लागू देत नाहीत."

मला कारण माहीत होतं.

या जूनमध्ये, मंगळवारी, निलोफरचा व्हिडिओ आला. अनिस पलंग सोडून चालत होता. चार पावलं. खाली लिहिलं होतं, ‘भाईजान, ह्यांना सांगू नका. घरी आल्यावर मीच दाखवणार.’

माझी दुपारची पाळी होती; व्हिडिओ उघडला तेव्हा कामाला निघायची वेळ झाली होती. गाडी दामटत गेटवर पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

"शेख?" वॉचमन म्हणाला. "तो तर अकरालाच गेला. घ्यायला माणसं आली होती."

व्हिडिओ दहा पन्नासला आला होता.

"कोण माणसं?"

"ओळखीची वाटली बुवा. त्यांनी हाक मारली आन् हा गुमान त्यांच्या मागं गेला. फोनपण न्यायचा राहिला बघा."

त्याला आज नऊ दिवस झाले. पोलिसांत तक्रार दिली आहे. शिरूर झालं, दौंड झालं, सगळे दवाखाने झाले. त्या गावात मात्र मी अजून गेलेलो नाही. माझी छाती होत नाही.

काल निलोफरला भेटलो. अनिस आता घरभर धावतो. ती मला सारखं एकच विचारत होती... "भाईजान, ह्यांनी पोराला चालताना बघितलं तरी असेल का हो?"

मी अनिसला उचलून कडेवर घेतलं.